परतीचं टपाल : दूरशिक्षणाच्या इतिहासाची दुसरी बाजू

आजच्या विषयात 'तंत्रज्ञान' हा शब्द आहे, त्यामुळे मी संगणकापासून सुरुवात करीन असं तुम्हांला वाटलं असेल. मी पोस्टाच्या दरापासून करणार आहे.

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीचं टपाल सुरू झालं. अंतर कितीही असो, अर्ध्या औंसाच्या पत्राला एकच दर. त्याआधी अंतर वाढलं की दर वाढायचा, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला मोजावे लागायचे. आयझॅक पिटमन नावाच्या शिक्षकाच्या लक्षात आलं, की आता आपली लघुलिपी लांबच्या माणसालाही शिकवता येईल. तो धडा पाठवायचा, विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवायचा, पिटमन तो तपासून पुन्हा रवाना करायचा. म्हणजे बघा, पाकीट तीनदा प्रवास करतंय. पहिल्या फेरीत फक्त मजकूर पोचला. शिकणं झालं ते पुढच्या दोन फेऱ्यांत. या दोन वाटा ध्यानात ठेवा, जाणारी आणि परतीची. जाणारी वाट प्रत्येक नव्या यंत्रानं रुंद केली. परतीच्या वाटेवर मात्र कुणीतरी माणूस बसवावा लागतो, आणि त्याला मानधन द्यावं लागतं.

१८५८ मध्ये लंडन विद्यापीठानं आपल्या परीक्षा कुठेही शिकलेल्या माणसाला खुल्या केल्या. विद्यापीठ परीक्षा घेणार, शिकवणार नाही! ती पोकळी खाजगी पत्रव्यवहार-संस्थांनी भरली. विल्यम ब्रिग्ज यांच्या अशाच एका संस्थेत एच. जी. वेल्स जीवशास्त्र शिकवत होते, लेखक म्हणून नाव होण्याआधी.

आता ज्या प्रयोगाकडे सगळं जग बघायचं, त्याकडे येऊ. १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात हवेतून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. रेडिओ-टेलिव्हिजनवरून पदवी, असा त्याचा सरळ अर्थ लोकांनी लावला, आणि काहींनी टिंगलही केली. विल्सन पंतप्रधान झाल्यावर जेनी ली या मंत्रीणबाईंनी ती कल्पना नेटानं पुढे नेली. बाई स्कॉटलंडच्या खाणकामगाराच्या घरातल्या. गरिबांसाठी स्वस्तातली दुय्यम पदवी त्यांना मुळीच नको होती. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी शिकू लागले. पूर्वशिक्षणाची अट नाही.

बीबीसीवर पहाटे नि रात्री उशिरा लागणारी, फळ्यासमोर उभ्या प्राध्यापकांची ती व्याख्यानं अजून लोकांच्या आठवणीत आहेत. पण त्या विद्यापीठाचा खरा कणा टेलिव्हिजन नव्हताच, असं माझं स्पष्ट मत आहे. कणा होता छापील पुस्तकं, घरी येणारी प्रयोगाची पेटी (तिच्यात छोटा सूक्ष्मदर्शकसुद्धा असे, बरं का), उन्हाळी शिबिरं आणि गावोगावचे अर्धवेळ शिक्षक. हे शिक्षक टपालानं आलेले निबंध तपासायचे, आणि नुसते गुण देऊन थांबायचे नाहीत. समासात, मागच्या पानावर लिहायचे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कुणीतरी आपलं लिखाण नीट वाचलंय हे त्या शेऱ्यातून कळायचं. २००६ च्या डिसेंबरात रात्रीची व्याख्यानं बंद झाली. विद्यापीठाचं काही अडलं नाही. ते तपासणारे शिक्षक बंद केले असते तर?

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. मग इतर विद्यापीठांनीही तसे विभाग काढले, आणि तिथे बहुतेक वेळा परतीची वाटच बुजली. सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्सचं बाड घरी यायचं, त्यानंतर गाठ थेट परीक्षेशी.

पुढचा टप्पा उपग्रहाचा. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला, इन्सॅटच्या मदतीनं. कार्यक्रम इंग्रजीत, सुरुवातीचे बरेचसे परदेशातून आणलेले. पुढे पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी निर्मितीकेंद्रं उभी राहिली, त्यांनी चांगलं काम केलं. पण वेळ दुपारची. पदवीचा अभ्यास करणारा कारकून किंवा शिक्षिका त्या वेळी टीव्हीसमोर असणार कशी? आणि एखादा मुद्दा कळला नाही तर विचारायचं कुणाला?

१९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. या विद्यापीठांनी हा दोष ओळखला होता. म्हणून स्थानिक महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं, रविवारची सत्रं, आणि 'संमंत्रक' हा नवा शब्द. तो शब्द मला फार आवडतो. त्यात भाषण ठोकणं नाही, बोलणं आहे. मात्र केंद्र कसं चालेल हे त्या केंद्रावरच्या माणसांवर असायचं. एकीकडे संमंत्रक ओळ न् ओळ तपासायचे, तर दुसरीकडे स्वाध्यायांचे गठ्ठे न वाचता गुण पडायचे. कागदोपत्री दोन्ही केंद्रं सारखीच.

२००४ मध्ये एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला, आणि त्यात काही केंद्रांवरून उलट प्रश्न विचारायची सोय आली. मग इंटरनेट. २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्या जगाला फुकट खुला केला. नावं नोंदवली सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी. शेवटपर्यंत पोचले वीस हजारांहून थोडे अधिक. संख्या म्हणून ती मोठीच आहे. पण इतक्यांचे स्वाध्याय वाचायला माणसं नव्हती, तपासणी यंत्रानं केली. गणिताचं उत्तर यंत्र तपासतं. इतिहासाचा निबंध वाचायचा कुणी? आपल्या 'स्वयम्' मध्ये, २०१७ पासून, चित्रफीत आणि वाचनसाहित्याबरोबर स्वयंमूल्यमापन आणि चर्चेचीही जागा ठेवलेली आहे. म्हणजे परतीची वाट आराखड्यात आहे. तिच्यावर वर्दळ किती, हे शिकवणाऱ्याला वेळ किती मिळतो त्यावर ठरतं.

आणि २०२० मध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. वर्ग एका दिवसात पडद्यावर गेले. पण विद्यार्थी उत्तरं लिहायचे कागदावरच, मोबाइलनं फोटो काढायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, आणि प्राध्यापक रात्री त्या वाकड्यातिकड्या फोटोंवर बोटानं लाल खुणा करत बसायचे. पिटमनचंच टपाल ते. त्या कामाचे तास बहुतेक महाविद्यालयांत कुणी मोजले नाहीत.

आता प्रश्न घेऊ या.