कार्बन मोनॉक्साइडची छुपी विषबाधा : आपत्कालीन निदान

रंग, वास व चव नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू श्वासातून शरीरात गेला आहे, पण रुग्णाला वा नातेवाइकांना त्याचा पत्ताच नाही, अशी विषबाधा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात ओळखणे. आगीतून बाहेर काढलेल्या माणसाबाबत संशय आपोआप येतो. निसटतो तो डोके दुखते, मळमळते, गरगरते म्हणत स्वतःच्या पायांनी आलेला रुग्ण. हिवाळ्यात त्याला फ्लू किंवा अर्धशिशी ठरवून घरी, म्हणजे पुन्हा त्याच वायूत, धाडले जाते.

इतिहास : हा वायू रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५७ च्या सुमारास दाखवले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी तो स्वतः हुंगून प्रयोग केले व धोक्याची सूचना मिळावी म्हणून खाणीत छोटे प्राणी नेण्याची शिफारस केली. ब्रिटिश खाणींतले कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत कामावर होते.

उपकरणे : हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. कोविडनंतर घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. तो ६६० व ९४० नॅनोमीटरच्या दोनच प्रकाशलहरी वापरतो आणि कार्बॉक्सिहिमोग्लोबिनला, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनला, ऑक्सिजनयुक्त समजतो. रुग्ण गुंगीत असताना पडद्यावर ९८ टक्के झळकते. साध्या ब्लड गॅस तपासणीतला ऑक्सिजनचा दाबही बिनधोक दिसतो, कारण तो रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो. खरे उत्तर अनेक लहरी वापरणारा को-ऑक्सिमीटर देतो. त्यासाठी शिरेतले रक्त पुरते, धमनी टोचावी लागत नाही. धूम्रपान न करणाऱ्यात ३-४ टक्क्यांवर, करणाऱ्यात १० टक्क्यांवर कार्बॉक्सिहिमोग्लोबिनचे प्रमाण गेल्यास विषबाधा धरतात. मात्र साध्या हवेत ते निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासच. रुग्णवाहिकेत मास्क लावला असेल तर आकडा कमी येतो आणि डॉक्टर निश्चिंत होतात. बोटाला लावून हाच वायू मोजणाऱ्या उपकरणावर विसंबून निदान करू नये, असे अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये बजावले.

लालबुंद त्वचा हे पाठ्यपुस्तकी लक्षण बहुधा शवविच्छेदनातच भेटते.

विचारपूस : यंत्राआधी प्रश्न हवेत. घरात आणखी कुणाला हाच त्रास आहे का? बाहेर पडल्यावर बरे वाटते का? शेगडी, जनित्र, गॅस हीटर कुठे ठेवला होता? महाराष्ट्रात पहिला प्रश्न बाथरूमचा असावा. गॅस गीझर आतच, खिडकी थंडीमुळे लावलेली, आंघोळ लांबलेली. दार तोडून काढलेल्या अशा रुग्णाच्या झटक्यावर अपस्माराचा शिक्का बसल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय लेखनात आहेत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. एकाच खोलीतले अनेकजण एकदम आजारी पडणे हा या वायूचा ठळक माग आहे.

उपचार : तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता शुद्ध ऑक्सिजन. उच्चदाब ऑक्सिजन कक्षाच्या उपयोगाबाबत चाचण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

गर्भवतीत ऑक्सिजन अधिक काळ द्यावा लागतो, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू उशिरा निघतो. विस्मरण, चिडचिड, हालचालींतला मंदपणा काही रुग्णांत कित्येक दिवसांनी उद्भवतो. त्यामुळे महिन्याभरात फेरतपासणीला बोलवावे आणि पुन्हा विषबाधा होऊ नये म्हणून घरी सोडताना गीझर बाहेर बसवल्याची खात्री करावी.