चिचुंद्रीची धाकटी बहीण

तिन्हीसांजेला भिंतीच्या कडेकडेने चुकचुकत जाणारी चिचुंद्री आपल्या सर्वांच्या ओळखीची. लांब नाकाड, मण्यासारखे बारीक डोळे आणि अंगाला उग्र दर्प. १७६६ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले, त्यातला 'म्युरिनस' म्हणजे उंदरासारखी. पण चिचुंद्री उंदीर नव्हे. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे व सतत वाढणारे, त्यांच्यामागे मोकळी जागा. चिचुंद्रीच्या तोंडात टोकदार दातांची सलग रांग असते. तिचा मुख्य आहार किडे. तरीही उंदरांसाठी ठेवलेल्या विषाला तीही बळी पडते.

या घरगुती चिचुंद्रीची एक धाकटी बहीण आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम सात-आठ सेंटिमीटर, रंग फिकट राखाडी. वस्तीपेक्षा कोरडे, रखरखीत प्रदेश तिला मानवतात. ती अपरिचित का राहिली, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

दख्खनच्या प्राण्यांची पद्धतशीर नोंद प्रथम घेणाऱ्यांत कर्नल विल्यम साइक्स होते. १८२४ मध्ये त्यांच्याकडे दख्खनच्या पाहणीचे काम आले. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), खानदेश व धारवाड हे चार जिल्हे त्यात होते. १८३१ साली त्यांनी येथील सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यात कोळसुंद्यासारखी मराठी नावेही दिली. आपली धाकटी बहीण मात्र अजून निनावीच होती.

तिला नाव मिळाले १८७७ मध्ये, तेही दूर कलकत्त्यात. तेथील इंडियन म्युझियमचे प्रमुख जॉन अँडरसन यांनी मुंबईच्या नमुन्यावरून तिचे वर्णन केले. नाव दिले फर्डिनांड स्टोलिचका यांचे. मोराव्हियातून आलेले हे भूशास्त्रज्ञ भारतातील जीवाश्मांचे मोठे अभ्यासक. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते. म्हणून ही 'सुंकस स्टोलिचकानस'.

गंमत अशी, की अँडरसन यांनी त्याच वर्षी कच्छच्या नमुन्याला वेगळे नाव दिले आणि १८८८ मध्ये डॉबसन यांनी अजमेरच्या नमुन्याला आणखी एक. पुढे तुलना झाल्यावर ही सारी नावे एकाच प्राण्याची ठरली. हाताशी नमुने मोजके असले, की रंगातला थोडासा फरकही नवी जात वाटू लागतो. मुलांना वर्गीकरण शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

१९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. पहिला मान खानदेशाचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. क्रम्प यांनी तेथे नमुने गोळा केले आणि राॅटन यांनी त्यांवर अहवाल लिहिला. अशा पाहण्यांतून कातडी व कवट्या संग्रहालयात जमा झाल्या. पण कातडे पाहून प्राणी काय खातो, पिले केव्हा होतात, कोठे दडतो, हे कसे कळणार? त्यासाठी जिवंत प्राणी पाहावा लागतो. आणि धान्य ठेवलेल्या पिंजऱ्याकडे किडे खाणारा प्राणी सहसा फिरकत नाही.

येथे गव्हाणी घुबड आपल्या मदतीला येते. ते भक्ष्य गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते. जुनी गढी, पडका वाडा, विहिरीची कपार येथे अशा गोळ्या सापडतात. घुबडाला न त्रासता त्या उचलाव्यात, चांगल्या वाळवून पाण्यात भिजवाव्यात, चिमट्याने कवट्या वेगळ्या कराव्यात. तोंडावर रुमाल बांधावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पटाशीचे दात दिसले तर उंदीर. टोकदार दातांची सलग रांग दिसली तर चिचुंद्री. लहान कवटी धाकट्या बहिणीचीच असेल असे नव्हे, ती मोठीच्या पिलाचीही असू शकते. म्हणून गाव व तारखेची चिठ्ठी लावून ती जाणकारांना दाखवावी.

कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० पासून अभयारण्य आहे. काळवीट लांबून दिसतो. त्याच माळावरच्या गवताखाली कोण वावरते, हे पाहायला मात्र खाली वाकावे लागते. जवळपासच्या शाळांनी एक हिवाळा या कामाला द्यायला काय हरकत आहे?