भिंतीला घाम फुटतो तेव्हा

थंड पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की थोड्याच वेळात त्याला बाहेरून घाम फुटतो. पाणी आतून झिरपलेले नसते; हवेतली वाफ गार धातूला लागून तिचे पाणी होते. बर्लिनच्या जुन्या घरांची कथा मला या घामापासून सुरू करावीशी वाटते.

1862 च्या होब्रेख्त आराखड्यानंतर बर्लिनमध्ये भाडेकरूंसाठी मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. भिंती भरीव विटांच्या, रस्त्याकडील बाजूवर नक्षीकाम, आणि लाकडी तुळयांची टोके त्याच भिंतींत रोवलेली. 1973 साली तेलाचे संकट आले आणि घर उबदार ठेवणे महाग झाले. बाहेरून आवरण घालावे तर नक्षी झाकली जाते. मग उरला एकच मार्ग, आतून अस्तर लावण्याचा.

पण अस्तराने खोली उबदार झाली, तरी घरातली ऊब न मिळाल्याने मूळ भिंत अधिकच गारठते. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ फटीतून मागे गेली की तिथे तांब्यासारखा घाम फुटतो. पावसात भिजलेली भिंतही उशिरा वाळते. तुळईचे टोक ओलाव्याने कुजू लागले, तर वरून काहीच दिसत नाही. आधार मात्र हळूहळू खचत जातो.

हेल्मुट ग्लासर यांनी 1959 साली वाफेचा हिशेब मांडण्याची आलेख पद्धत दिली, तीही शीतगृहतंत्राच्या नियतकालिकात. त्या हिशेबात पाऊस नव्हता, विटेने शोषलेले पाणीही नव्हते. वाफ अडवायला प्लास्टिकचा पडदा लावण्याची रीत रूढ झाली. मात्र खिळ्याने एक भोक पडले तरी वाफेला वाट मिळते, आणि तोच पडदा भिंतीला आतून वाळू देत नाही. 1994 साली हार्टविग कुंझेल यांनी आपल्या प्रबंधात उष्णता आणि ओलावा यांचे गणित एकत्र मांडले. पाऊस, ऊन आणि विटांची शोषणशक्ती आता हिशेबात आली.

चुना आणि सिलिका यांपासून बनणारे कॅल्शियम सिलिकेटचे फळे हा यातला एक उपाय. ते ओलावा शोषून पसरवतात आणि खोलीच्या बाजूने वाळू देतात. पण ते भिंतीला पोकळी न ठेवता चिकटवावे लागतात, आणि त्याआधी गळके पन्हाळ व भेगा दुरुस्त कराव्या लागतात.

आपल्याकडे वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवतात, तेव्हाही ओल आत कोंडते. तिथे थंडीचा प्रश्न नाही, पण धडा तोच: जुन्या भिंतीला कोरडे होण्याची वाट ठेवा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)