न दिसणारी गळती : स्कूटरच्या पॅकिंगची गोष्ट

आजचा विषय कागदाएवढा पातळ आहे. टू-स्ट्रोक इंजिन खोलून पुन्हा बांधताना दोन भागांच्या मध्ये जे घालतात, ते. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात, पण आपल्या गॅरेजमध्ये शब्द आहे 'पॅकिंग', आणि मीही तोच वापरणार. ज्यांच्या घरी एकेकाळी चेतक होती त्यांनी जरा हात वर करा... बरं, निम्मं सभागृह. म्हणजे वास सगळ्यांना आठवत असणार. (हशा)

सुरुवात इंग्लंडातल्या बाथ या गावी होते. ड्युगाल्ड क्लार्क यांचं टू-स्ट्रोक इंजिन आधीच होतं, पण त्यात हवा आणि इंधन सिलिंडरमध्ये ढकलायला वेगळा पंप लागायचा. १८९१ साली जोसेफ डे यांनी तो पंपच काढून टाकला. पिस्टनच्या खालची बंद जागा, म्हणजे क्रँककेस, हाच त्यांचा पंप. पिस्टन वर गेला की ती मिश्रण ओढून घेते, खाली आला की तेच मिश्रण दाबून वर पाठवते. यंत्र एकदम साधं झालं. पण एक अट आली : क्रँककेस हवाबंद पाहिजे.

या अटीचं गांभीर्य भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. फोर-स्ट्रोक गाडीचं खालचं पॅकिंग गेलं तर फरशीवर ऑइलचा डाग पडतो आणि घरातलं कुणीतरी ओरडतं. टू-स्ट्रोकचं गेलं तर फरशी कोरडीच राहू शकते, कारण हवा बाहेरून आत शिरते. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी ओढलं जातं, आणि वंगणाचं ऑइल त्याच पेट्रोलात मिसळलेलं असल्यामुळे तेही कमी येतं. उष्णता वाढते त्याच वेळी वंगण घटतं. मग पिस्टन जाम.

१९४६ साली कोराडिनो द'आस्कानियो या विमानविद्येतल्या माणसाने व्हेस्पा घडवली, ती याच तत्त्वावर. पियाज्योच्या सहकार्याने बजाजने ती आपल्याकडे बनवली, १९७१ ला करार संपला, आणि १९७२ मध्ये चेतक आली. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षं थांबायचं. अशी मिळालेली गाडी कोण मोडीत काढणार? ती पुन:पुन्हा बांधली जायची. तयार पॅकिंग सेट हाताशी नसला की मिस्त्री जाड कागद केसिंगवर धरून हातोडीने कडेकडेने हलके ठोकायचा, धातूची कडाच कागद कापायची. हे कसब पाहण्यासारखं होतं. पण जाडीचा हिशेब चुकला की घोटाळा. सिलिंडरखालचं पॅकिंग जाड झालं तर सिलिंडर वर उचलला जातो, कॉम्प्रेशन उतरतं आणि पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळही बदलते. लोक म्हणायचे, "इंजिन बांधल्यापासून गाडीत दम नाही." दम त्या कागदात अडकलेला असायचा.

कागदाला लावायला शेलॅक. शेलॅक म्हणजे आपली लाख बरं का! बांगड्यांची, जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांची. छोटा नागपूरच्या झाडांवरून निघून जगभर गेलेली. ती पेट्रोलला दाद देत नाही, म्हणून त्या काळी ती निवड अगदी योग्य होती. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. २०२२ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांवर पोहोचलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल म्हणजे तेच स्पिरिट. त्यामुळे आजोबांच्या हातची पद्धत म्हणून आज शेलॅकवर विसंबू नका. मिस्त्री चुकला नव्हता, पेट्रोल बदललं.

मग आली ट्यूबमधली सिलिकॉन. मोटारीच्या ऑइल संपला ती छान चालते. इथे मला ती अजिबात आवडत नाही. पेट्रोलने ती फुगते, आत आलेली शेवयांसारखी कड तुटते आणि इंजिनात फिरते. त्यापेक्षा वेगळी कल्पना १९५३ सालची, अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांची : हवा असेपर्यंत पातळ राहायचं, धातूच्या फटीत हवा तुटली की घट्ट व्हायचं. लॉकटाइट ती हीच. धातूला धातू भिडतो अशा सपाट जोडाला ती शोभते. १९८५ ला आलेल्या आरएक्स १०० च्या क्रँककेसच्या दोन अर्धुकांमध्ये कागद नाहीच, द्रव सीलंटच लागतो. तिथे 'असू दे एक' म्हणून कागद घालू नये. आतली मापं बिघडतात. उलट व्हेस्पाच्या घराण्यात तिथे कागद असतो, तर तो काढू नये.

जुन्या पॅकिंगबद्दल एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. उष्णतेच्या जागी दाबलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा सर्रास वापरला जायचा. आपल्याकडे मिस्त्री तो सुका खरवडायचे, फुंकर मारायचे, आणि शेजारी पोऱ्या बसलेला. तो धागा फुप्फुसात राहतो, आणि आजार दिसायला पुढे कित्येक वर्षं जातात. जुनं इंजिन खोललं तर पॅकिंग ओलं करून काढा. ग्राइंडर, पॉलिश पेपर नको.

आमच्या घरची स्कूटर एकदा खंबाटकीच्या घाटात जाम झाली. मागे आई बसलेली, पाठीमागे ट्रक. महिन्यापूर्वीच इंजिन बांधून आणलं होतं, सगळी पॅकिंग नवी, वर सिलिकॉनही सढळ. दुसऱ्या मिस्त्रीने इनटेक आणि एक्झॉस्ट बंद केले, आत चौरस इंचाला पाच पौंड हवा भरली आणि साबणाचं पाणी फिरवलं. जोडांवर एकही बुडबुडा नाही. फ्लायव्हील काढलं, तर क्रँकशाफ्टभोवती बारीक फेस. तिथलं ऑइल सील जुनंच ठेवलं होतं, रबर दगडासारखं. किंमत विचाराल तर सगळ्या सामानात तेच जवळजवळ सर्वांत स्वस्त होतं.