ऑक्साईड सेमीकंडक्टर आणि बॅटरीचे पदार्थ : नांदेडच्या प्रयोगशाळेतले संशोधन काय आहे?

वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. त्याची बॅटरी ज्या पदार्थांवर चालते, त्याच जातीच्या पदार्थांवर फाट्यापासून साधारण तासाभराच्या अंतरावर, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संशोधन होत आले आहे. भौतिकशास्त्राचे डॉ. राजाराम माने हे त्यातले ठळक नाव. हा विषय घरातल्या सगळ्यांना कळावा म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

ऑक्साईड म्हणजे काय?

धातू आणि ऑक्सिजन यांचे संयुग म्हणजे ऑक्साईड. लोखंडाचा गंज हे त्याचे रोजचे उदाहरण. झिंक, टायटॅनियम, कथील यांची ऑक्साईडे तांब्यासारखी वीज वाहत नाहीत आणि काचेसारखी अडवतही नाहीत. म्हणून ती सेमीकंडक्टर, म्हणजे अर्धवाहक.

गॅस गळती ओळखणाऱ्या अनेक यंत्रांत कथिलाचे ऑक्साईड असते. एलपीजी त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी भिडला की विजेला होणारा विरोध कमी होतो आणि घंटी वाजते. टायटॅनियम ऑक्साईडवर रंगद्रव्य चढवून स्वस्त सौरघट करता येतो, हे ओरेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये दाखवले.

पद्धत साधी, काम मोठे

डॉ. माने मूळचे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या परंपरेतले. तिथले डॉ. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांनी २००० साली रासायनिक पद्धतीने पातळ थर बनवण्यावर लिहिलेला आढावा-लेख जगभर वाचला गेला. पद्धत अशी : धातूच्या क्षाराचे द्रावण बीकरमध्ये घ्यायचे, त्यात काच उभी बुडवायची आणि शंभर अंशांच्या आत गरम करायचे. काचेवर हळूहळू थर बसतो. ऑक्साईड हवे असेल तर बरेचदा तो थर नंतर भट्टीत तापवतात. थर बसवायला महागडी निर्वात यंत्रे लागत नाहीत. असे थर सौरघट, वायू ओळखणारे सेन्सर आणि सुपरकपॅसिटर यांत वापरून पाहिले जातात. सुपरकपॅसिटर झटकन चार्ज होतो, पण बॅटरीइतकी वीज साठवत नाही.

बॅटरीत काय घडते?

लिथियम कोबाल्ट ऑक्साईड बॅटरीला चालते, हे जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये ऑक्सफर्डला दाखवले. चार्जिंग करताना लिथियम या ऑक्साईडमधून निघून ग्रॅफाईटमध्ये जाते. मोबाईल वापरताना परत येते. ग्रॅफाईटची बाजू उलगडण्यात मोरोक्कोच्या फेस शहरात जन्मलेले रशीद याझामी यांचा मोठा वाटा आहे. २०१४ चे ड्रेपर पारितोषिक त्यांना गुडइनफ, निशी आणि योशिनो यांच्यासोबत मिळाले. २०१९ चे नोबेल मात्र गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना गेले.

कोबाल्ट महाग आहे. लिथियमही सगळीकडे सापडत नाही. म्हणून आता सोडियमकडे लक्ष आहे. ते मिठातच असते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे संस्थेसोबत तयार केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये मांडले. सोडियम बॅटरी तुलनेने जड असते, पण एका जागी ठेवून सौरवीज साठवायला वजनाची फारशी अडचण नाही. रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये अभ्यास करणाऱ्या पोरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आपल्या मुलांसाठी

बीएस्सी झाली की बीएड किंवा दुकान, एवढेच दोन रस्ते नाहीत. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी करून सीएसआयआर-नेटची जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे. पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना आधार देणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. हा मोठा धक्का होता. म्हणून जेआरएफची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच करावी. ज्यांच्याकडे ओबीसी दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आहे, त्यांनी महाज्योतीच्या पीएचडी फेलोशिपच्या जाहिरातीवर नजर ठेवावी. कागद आधीच काढून ठेवा. ऐनवेळी तहसीलच्या चकरा मारण्यात तारीख निघून जाते.

मुलगी हुशार असेल आणि विज्ञानात रमत असेल, तर नांदेड काही परदेश नाही. फाट्यावरून गाडी मिळते. घरच्यांनी फक्त 'जा बेटा' म्हणायला हवे.