चिक चॉकलेट

(१९१६–१९६७). भारतीय जॅझ ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख व संगीत-संयोजक. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म गोव्यातील हळदोणे येथे. लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद गाजला. संगीतकार सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक होते. गोव्यातील चर्चशाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई; त्यामुळे तोंडी सांगितलेली चाल वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवण्यात गोमंतकीय वादक वाकबगार असत. ‘अलबेला’ (१९५१) मधील ‘दीवाना परवाना’ या गीतात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. ‘आखरी खत’ (१९६६) या चित्रपटातही ते ट्रंपेट वाजवताना दिसतात. हिंदी चित्रपटगीतांत जॅझ रुजवणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.