संगीताची अनुक्रमणिका

अनुक्रमणिकेचे पान संपादक सर्वांत शेवटी तयार करतो आणि वाचक सर्वांत आधी उघडतो. म्हणूनच की काय, या पानाचा विचार स्वतंत्रपणे क्वचितच होतो. कथा, कविता, निबंध, परीक्षण हे विभाग वाङ्मयीन मासिकाला परंपरेनेच मिळालेले असतात. संपादकाने त्यांत मजकूर बसवावा, एवढेच काम उरते. संगीतविषयक मासिकाची गोष्ट वेगळी आहे. एकच चीज रागाची असते, तालाची असते, ती रचणाऱ्याची असते, ज्या घराण्याने ती जतन केली त्या घराण्याची असते आणि ज्याच्या मुखातून ती लिहून घेतली त्या गवयाचीही असते. यांपैकी कोणत्या नावाखाली ती नोंदवावी? हा प्रश्न वरवर मांडणीचा वाटतो. परंतु पुढच्या पिढ्यांना कोण आठवेल आणि कोण विस्मृतीत जाईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तराने ठरते. प्रथम जर्मनीतील आणि नंतर आपल्याकडील उदाहरण घेऊन हे दाखवावयाचे योजिले आहे.

लाइपझिग शहरात ब्राइटकोप्फ आणि हेर्टेल या प्रकाशनसंस्थेने 1798 च्या ऑक्टोबरात 'आल्गेमाइने म्युझिकालिशे त्साइटुंग' हे संगीतविषयक साप्ताहिक सुरू केले. फ्रीडरिश रोख्लिट्स हा त्याचा पहिला संपादक. पहिल्या मालिकेत ते 1848 पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे चालले. आरंभीच्या अंकांत आजच्यासारखे अनुक्रमणिकेचे पान नसे. शीर्षकाखाली लागलीच पहिला लेख सुरू होई. मात्र वर्षभराचे अंक एकत्र बांधले जात, आणि त्या खंडासाठी विषयवार सूची छापली जाई. तात्त्विक व ऐतिहासिक निबंध, नव्या रचनांची परीक्षणे, निरनिराळ्या शहरांतील मैफलींची वार्तापत्रे, किरकोळ टिपणे असे तिचे विभाग होते. प्रत्येक पानावर मजकुराचे दोन स्तंभ असत आणि क्रमांक पानांना न देता स्तंभांना दिलेले असत. त्यामुळे संदर्भ अचूक सापडे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही संस्था स्वतः स्वरलिपीची पुस्तके विकणारी होती. तरीही विक्रीच्या जाहिराती निराळ्या पुरवणीत, निराळ्या क्रमांकांनी दिलेल्या असत. परीक्षण कोणते आणि जाहिरात कोणती, हे वाचकाला मांडणीवरूनच कळावे, असा हा प्रघात होता.

एवढी व्यवस्था असूनही या सूचीने एक गोष्ट दृष्टीआड केली. 1810 च्या जुलै महिन्यात या साप्ताहिकाच्या दोन अंकांत बेटहोवेनच्या पाचव्या सिंफनीचे विस्तृत परीक्षण आले. युरोपीय संगीतसमीक्षेच्या इतिहासात या लेखाचे स्थान फार वरचे मानले जाते. पण तो निनावी होता. परीक्षणाची ओळख ज्या रचनेचे परीक्षण केले तिच्यावरून होई. परीक्षण करणाऱ्याच्या नावाला तेथे जागा नव्हती. एर्न्स्ट टेओडोर आमाडेउस होफमान हा त्याचा लेखक. पुढे त्याने या लेखातील विवेचन आपल्या निबंधसंग्रहात पुन्हा वापरले, म्हणून कर्तृत्वाविषयी संदेह उरला नाही. ज्यांचे असे संग्रह निघाले नाहीत, त्या परीक्षकांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपली विद्या मुखोद्गत होती, त्यामुळे अनुक्रमाचा प्रश्न आपल्यापुढे उशिरा, पण अधिक तीव्रतेने उभा राहिला. गुरूच्या मनात क्रम असे. शिष्याला तो तालमीतून कळे. छापील पुस्तकाला मात्र क्रम जाहीर करावा लागतो. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली आणि स्वरलिपीसह पाठ्यपुस्तके तयार केली, तेव्हापासून ही गरज आपल्या प्रांतांत जाणवू लागली. त्याच बडोद्यात 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि 1918 मध्ये ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय सुरू झाले. या दोन्ही कार्यांमागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची प्रेरणा होती.

भातखंड्यांच्या सहा भागांच्या मालिकेचे नावच 'क्रमिक' आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. तिच्या अनुक्रमणिकेकडे केवळ पाहिले तरी एक संपूर्ण शिक्षणविचार उलगडतो. आरंभी दहा थाटांचे दहा आश्रयराग येतात. तिसऱ्या भागात भूपाली, हमीर, केदार, बिहाग यांसारखे पंधरा राग, तर चौथ्यात शुद्ध कल्याणपासून मुलतानीपर्यंत वीस. पाचव्या व सहाव्या भागांत उरलेले अनेक राग थाटवार दिले आहेत. सोप्याकडून कठीणाकडे आणि प्रसिद्धाकडून अप्रसिद्धाकडे जाणारी ही वाट आहे. पुढे शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक परीक्षा याच क्रमाच्या आधारे बांधल्या गेल्या. बंदिस्त घराण्यांतील विद्या सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आली, ती या क्रमामुळे. हे ऋण फेडता येण्याजोगे नाही.

तथापि लाइपझिगच्या सूचीत जे घडले तेच वेगळ्या रूपाने येथेही घडले. चीजेच्या शिरोभागी राग, ताल आणि लय दिलेली आढळते. ती कोणत्या गवयाकडून मिळाली, हे चीजेगणिक नोंदवलेले नाही. जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूरचे वजीर खाँ, ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित अशा किती तरी थोरांकडून भातखंड्यांनी हे धन मिळवले. पण 'राग' हे शीर्षक ठरल्यावर 'माणूस' हे शीर्षक आपोआप मागे पडले. या बाबतीत जुन्या रचनाकारांचे शहाणपण नजरेत भरते. सदारंग, अदारंग, मनरंग यांनी आपली मुद्रा चीजेच्या शब्दांतच गुंफून ठेवली. खुद्द भातखंड्यांच्या लक्षणगीतांत 'चतुर' ही मुद्रा येते. त्यामुळे अनुक्रमणिकेने गाळलेले रचनाकाराचे नाव गीताने राखले. ज्याने चीज रचली नाही, केवळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या गवयाजवळ मात्र मुद्रा नव्हती. त्याचे नाव टिकवण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहून घेणाऱ्याची होती.

ही उणीव मराठीत एका मासिकाने काही अंशी भरून काढली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' हे मासिक 1947 मध्ये प्रा. बी. आर. देवधर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. या मासिकातून त्यांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, अल्लादियाखाँ यांच्यासारख्या गायकांची चरित्रे, तालमी आणि आठवणी लिहिल्या. पुढे त्यांतूनच 'थोर संगीतकार' हा ग्रंथ सिद्ध झाला. रागाच्या नावाखाली जो गवई दिसेनासा झाला होता, तो स्वतःच्या नावाने पुन्हा अनुक्रमणिकेत आला. भातखंडे आणि देवधर यांची कार्ये परस्परांना कशी पूरक आहेत, हे दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते.

आपल्या शाळांची वार्षिके आणि संस्थांचे संगीत-विशेषांक निघतात, तेव्हा हा इतिहास उपयोगी पडावा. चीज छापावयाची असेल, तर नोंदीत राग व ताल यांबरोबर रचनाकार, चीज देणारा आणि स्वरलेखन करणारा या तिघांची नावे असावीत. लेख व जाहिरात यांत सरमिसळ नसावी. वर्षाअखेरीस विषयवार आणि व्यक्तिवार अशा दोन सूच्या द्याव्यात. याला दोन-तीन पानांहून अधिक जागा लागत नाही. आज जुने खंड यंत्राच्या साहाय्याने क्षणार्धात धुंडाळता येतात, तेव्हा सूचीची गरज काय, असेही कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की छापलेले नाव यंत्र शोधून देईल. जे नाव कोणी छापलेच नाही, ते यंत्राला कोठून सापडणार? आपल्या गावात एखादी जुनी चीज सांगणारे कोणी वृद्ध बुवा किंवा बाई अजून असतील, तर त्यांचे नाव कागदावर आणण्याचे काम आपलेच आहे.